माळावर गिरीपुष्प लावून नत्र वाढवायचं कशाला?

माळवाट :
आमच्या वृक्षप्रेमी ग्रुपवर सध्या एक आवाहन फिरतंय. पावसाळ्याआधी सोलापूरजवळच्या नान्नज-मार्डीकडच्या माळांवर गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) फांद्या रोवू या म्हणे, कारण 'हे झाड हवेतलं नत्र (नायट्रोजन) फुकटात जमिनीत आणतं आणि माळ सुपीक होतो'. यातला पहिला भाग खरा आहे. हवेत ७८ टक्के नत्र असलं तरी झाडाला ते थेट घेता येत नाही. गिरीपुष्पाच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू ते झाडाला मिळवून देतात. माझं भांडण दुसऱ्या भागाशी आहे.

माळ सुपीक व्हायला हवा हे ठरवलं कुणी? पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं कमी नत्रावर जगायला सरावलेली आहेत. पातं वाळायच्या आधी त्यातलं बरंचसं नत्र ती बुडख्यात परत ओढून घेतात. पिवळ्या गवतात जेमतेम अर्धा टक्का उरतं. असं गवत कुजताना जिवाणूंनाच नत्र कमी पडतं, म्हणून ते मातीतलं उचलून स्वतःकडे धरून ठेवतात. बाहेर फारसं काही सुटत नाही. गिरीपुष्पाच्या हिरव्या पाल्यात मात्र ३ टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. तो कुजला की जिवाणूंचं भागून उरतं. त्याचं आधी अमोनियम होतं आणि मग नायट्रेट. अमोनियम चिकणमातीला धरून राहतं. नायट्रेटवर ऋणभार असतो आणि मातीच्या कणांवरही, त्यामुळे पाणी नेईल तिकडे ते जातं.

आता आपला पाऊस बघा. महिनोन्‌महिने कोरडं आणि मग वळीव. सुकलेल्या मातीवर पहिलं पाणी पडलं की तिच्यातलं नत्र एकदम मोकळं होतं. बर्च नावाच्या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून १९५८ मध्येच हे मांडलं होतं. नेमकं तेव्हा गवताला पातं फुटलेलं नसतं, खाली वीतभर मुरूम, आणि उतार ओढ्याकडे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलात १९६५ च्या अखेरीस एका ओढ्याचं अख्खं पाणलोट तोडलं आणि तिथे पुन्हा काही उगवू दिलं नाही. त्या ओढ्यातलं नायट्रेट ४० पटींहून जास्त वाढलं. नत्र उचलणारं कुणी नसलं की ते पाण्यातच जातं, एवढाच माझा मुद्दा.

खडू_फळा :
माळवाट, हबर्ड ब्रूक इथे आणू नका. तिथे आम्ल माती, सुमारे १४०० मिलिमीटर पर्जन्य आणि त्यातला काही भाग बर्फ. इथे साडेपाचशेच्या आसपास पाऊस आणि चुनखडीची माती. शिवाय तिथे झाडं तोडली होती, तुमच्या ग्रुपवाले लावतायत. झाड तोडल्यावर काय झालं ते सांगून झाड लावू नका म्हणणं हा कुठला तर्क?

दुसरं म्हणजे, गाठींना पोसायला झाडाला स्वतःची साखर खर्च करावी लागते. मातीत नायट्रेट मिळायला लागलं की झाड तो खर्च कमी करतं. गाठींना स्फुरदही (फॉस्फरस) भरपूर लागतं आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते अडकून पडलेलं असतं. त्यामुळे नत्र वर्षानुवर्षं साचतच जाईल ही भीती फुगवलेली आहे.

आणि नायट्रेटचीच काळजी असेल तर माळ सोडा, खाली उतरा. आडसाली उसाला, म्हणजे पावसाळ्यात लावून दीडेक वर्ष रानात राहणाऱ्या उसाला, शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. देणारे त्याहून जास्त देतात आणि त्यातलं निम्मंही उसाच्या पोटात जात नाही. युरिया वर फेकला की आमच्या आठच्या पुढच्या सामूच्या (पीएचच्या) मातीतून काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो, काही पाटपाण्याबरोबर विहिरीत. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा आहे. ती ओलांडायला गिरीपुष्पाची गरज पडत नाही.

बांधावरचा_मोहोळ :
दोघंबी लई शिकलेले दिसताव. आमच्याकडं गिरीपुष्प बांधावर हाय. पाला छाटायचा, मालदांडी पेरायच्या आधी रानात गाडायचा. कोरडवाहू ज्वारीला हेक्टरी पन्नासएक किलो नत्र सांगतेत, त्यातलं थोडं तरी युरियाच्या पोत्याबिगर भागतंय. माळावर कशाला लावायलेत ते मात्र मलाबी कळंना. तिथं पाला छाटून गाडायचा कुठं?

लोकरवाला :
कुणी मेंढरांचं नाव काढेना. आमची मेंढरं दिवसभर माळावर चरतात आणि रात्री शेतकऱ्याच्या रानात बसवली जातात. लेंडी आणि मूत त्या रानात पडतं, शेतकरी त्याबद्दल धान्य नाहीतर पैसे देतो. म्हणजे माळाचं नत्र पिढ्यान्‌पिढ्या शेतात चाललंय. तरी माळ उजाड झाला नव्हता, जोवर चराईला फिरती होती. गिरीपुष्पाला आमची मेंढरं तोंड लावत नाहीत, म्हणून तर ते लावतात. राखण करावी लागत नाही ना! त्याच्या सावलीत कुसळी येत नाही, मग आम्ही जायचं कुठे?

माळवाट :
लोकरवाला, हे मी मांडायला हवं होतं त्याहून चांगलं तुम्ही मांडलंत. नत्र माळावरून बाहेर जाऊनही तिथलं गवत टिकलं, कारण ते गवत कमी नत्राचंच आहे. नत्र वाढलं की फायदा हावऱ्या तणांचा होतो.

खडू_फळा, झाडं तोडली होती हे बरोबर. पण प्रश्न पावसाच्या पहिल्या आठवड्यात नत्र उचलणारं कोण आहे हा आहे. वर्षाचा पाऊस साडेपाचशे असला तरी एका वळवात साठ-सत्तर पडला की माळावरचा ओढा वाहतोच. आणि स्फुरद कमी म्हणून गाठी कमी हे मान्य केलं, तर ग्रुपवरचं 'फुकट नत्र' पण उडालं. मग लावायचं तरी कशासाठी?

खडू_फळा :
हिरवाईसाठी! उघड्या मुरमावर काहीतरी उभं राहावं म्हणून. सगळा माळ काही पवन्याने भरलेला नाही, अर्ध्या ठिकाणी गवताची काडी नाही. तिथे सुरुवात नत्र आणणारी झाडंच करतात. हिवर आणि बाभूळ तेच काम करतात ना? ते देशी म्हणून चालतात आणि गिरीपुष्प मध्य अमेरिकेचं म्हणून चालत नाही, ही मातीची भाषा नाही, भावनेची आहे.

माळवाट :
हिवर विरळ वाढतो, खाली गवत राहतं. गिरीपुष्प आपण दाट रोवतो. फरक गावाचा नाही, गर्दीचा आहे. आणि शेंगा धरणारं प्रत्येक झाड नत्र आणतं असंही नाही. तरवड आणि बहाव्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत. तरवड तर आपल्या माळावर मजेत आहे, नत्राची दौलत न मिळवता.

हिप्परगा_काठ :
माळावर भांडताय पण खालच्या ओढ्याचं काय? नायट्रेट पुन्हा हवेत पाठवायचं काम ओढ्याकाठच्या चिखलात होतं. प्राणवायू नसलेल्या ओल्या मातीत, पालापाचोळा कुजत असेल तिथे, काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात आणि नत्र वायू सोडतात. करंज, जांभूळ, शिंदी, पाणकणीस यांच्या बुडाशी हे चालतं. आपण खोलीकरणाच्या नावाखाली जेसीबी घालून काठ खरवडून काढले. पाणी मुरलं असेल, नाही कोण म्हणतं? पण उसाच्या रानातून आलेलं नायट्रेट अडवणारी ती पट्टी गेली. मला विचाराल तर झाडं लावायचीच असतील तर ओढ्याच्या दोन्ही काठांना लावा, माळ सोडा.

पूर्वभाग_पोरगं :
काय लका, जंगलाचं नत्र मोजायलाव आणि कंबर तलावात जलपर्णी बघायला कुणी तयार नाही 😄 ते नत्र गिरीपुष्पाचं का बे?

खडू_फळा :
ते गटाराचं. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

हिप्परगा_काठ, पट्टीचा मुद्दा पटतो, पण अर्धाच. आपले ओढे बारमाही नाहीत. काठ ओला राहतो किती दिवस? चिखल नाही तर ते जिवाणू काम करत नाहीत. पाऊस जोरात आला की पाणी काळ्या रानाच्या भेगांतून सरळ खाली उतरतं, काठाला विचारत बसत नाही.

हिप्परगा_काठ :
म्हणूनच खोडं आणि मुळं हवीत. त्यांनी पाण्याचा वेग मोडतो, डबकी राहतात, गाळ बसतो. सरळ केलेल्या नाल्यात डबकं राहत नाही.

बांधावरचा_मोहोळ :
मोजा की ओ एकदा. नायट्रेटच्या पट्ट्या मिळतेत बाजारात. पहिला वळीव झाला की माळावरच्या ओढ्याचं पाणी घ्या, एक आधीच लावलेल्या गिरीपुष्पाच्या रोपवनाच्या खालून आणि एक नुसत्या गवताच्या खालून. तिसरं आमच्या उसाच्या खालून.

खडू_फळा :
मी पट्ट्या आणतो. रोपवनाखाली आणि गवताखाली सारखंच निघालं तर माळवाट गिरीपुष्पाला नावं ठेवणं बंद करणार, कबूल?

माळवाट :
नायट्रेटपुरतं कबूल. गवताचं आणि मेंढरांचं भांडण शिल्लक राहील. आणि तिसऱ्या बाटलीचा आकडा मोहोळकरांनी त्यांच्या सोसायटीच्या सभेत वाचायचा.

बांधावरचा_मोहोळ :
वाचतो की. पर आधी माझ्या विहिरीचं पाणी बघू द्या.