मृगात नर सोडायचाय, मेंढ्या वाळल्यात

अथणीकडचा: आमची दख्खनी मेंढरं उन्हाळाभर नुसत्या वाळल्या गवतावर. कंबरेवर हात ठेवला की मणके टोचतात. गाभ धरतील का?

निपाणीकर: दादा, नर सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मेंढीमागं रोज 200-250 ग्रॅम मक्याचा भरडा द्या, नंतरही दोन आठवडे. सुरुवात मूठभरानं, एकदम घातलात तर पोट बिघडतं. दख्खनीला बहुतेक एकच कोकरू, जुळ्यांची आशा नको. पण रिकाम्या राहणाऱ्या कमी होतील.

अथणीकडचा: सगळ्या कळपाला मका? परवडतोय होय!

रायबागची: वाळक्या तेवढ्याच वेगळ्या काढा की. धष्टपुष्ट मेंढीला खुराकाचा उपयोग नाही. नराला मात्र आत्ताच सुरू करा, बीज तयार व्हायला दोनेक महिने लागतात.