कोल्हापूरचे ३८ पाहुणे डिसेंबरात लग्नाला येताहेत, मधल्या वेळात कुठे न्यायचं?

नवरीचा_भाऊ (त्रिमूर्तीनगर)

नमस्कार मंडळी. बहिणीचं लग्न आहे, डिसेंबरच्या मध्यात, इथे नागपुरात, वर्धा रोडवरच्या लॉनवर. नवरदेवाकडचे ३८ जण कोल्हापूरहून रेल्वेने येऊन राहिले. बुधवारी संध्याकाळी उतरतील. शुक्रवारी संध्याकाळी हळद, शनिवारी लग्न, सोमवारी सकाळी परतीची गाडी. म्हणजे गुरुवार आणि रविवार पूर्ण मोकळे, शुक्रवार अर्धा.

सत्तरी ओलांडलेले नऊ जण आहेत, सात लहान मुलं, आणि नवरदेवाचे बारा मित्र. मित्रांना वाघच पाहायचा आहे. बाबा म्हणतात, शुक्रवारी पहाटे सगळ्यांनाच एका बसमध्ये बसवू आणि ताडोबा दाखवून हळदीच्या आत परत आणू. मला हे काही पटून नाही राहिलं. पण इतक्या दुरून आलेल्या माणसांना मॉल दाखवून परत पाठवायचं, तेही मनाला लागते. कोणी असं केलं असेल तर सांगा.

मानकापूरची_सून

भाऊ, आधी बाबांना थांबवा. शुक्रवारी शहराबाहेर कोणालाच नेऊ नका. का ते सांगते.

मी मूळची कराडची. माझ्या लग्नात माहेरचं वऱ्हाड स्टेशनवर उतरलं, कार्यालयात जेवलं आणि स्टेशनवरून परत गेलं. माझे मामा आजही म्हणतात, तुझं नागपूर म्हणजे एक मांडव. ते मला फार लागलं होतं. म्हणून नणंदेच्या लग्नात पाहुण्यांना फिरवायची जबाबदारी मी मागून घेतली, आणि हळदीच्या दिवशीच सगळ्यांना रामटेकला नेलं. पन्नासेक किलोमीटर तर आहे, दोनपर्यंत परत येऊ, असा हिशेब होता. तिथल्या खिंडसी तलावावर मुलं बोटीतून उतरेनात, जेवायला उशीर झाला, येताना कामठी रोडवर गाडी अडकली. साडेतीनची हळद, आम्ही पोचलो पावणेसहाला. नणंद पिवळी साडी नेसून दोन तास पाटावर बसून होती. वाटीतल्या हळदीवर पापडी धरली होती, सासूबाईंनी पाणी घालून ती पुन्हा कालवली. तिच्या फोटोंत ते रडवेले डोळे आजही दिसतात.

आता तुमचं. गुरुवारी म्हाताऱ्यांना पहाटे उठवूच नका, चोवीस तासांहून जास्त प्रवास करून आलेली माणसं असतील ती. नऊ वाजता तर्री पोहे द्या. कोल्हापूरकरांना तिखटाचं कौतुक नको, पण हरभऱ्याच्या पातळ रश्शात पोहे बुडवून खाणं त्यांना नवीन असेल. मग दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली ती जागा, आणि त्यावरचा तो प्रचंड स्तूप आतून पूर्ण पोकळ. आमच्या सोबतच्या आत्या आत गेल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, नुसत्या वर बघत राहिल्या. तिथे घाई करू नका. दुपारी सगळ्यांना झोपू द्या, संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर भाजलेलं कणीस. एका दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

एक महत्त्वाचं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. विधानभवन आणि सिव्हिल लाइन्सकडे मोर्चे येतात, रस्ते बंद होतात, हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत. खोल्या आजच पक्क्या करा. अंतरं मोजायला इंग्रजांनी उभारलेला झिरो माइलचा दगडी खांब आणि तिथले ते चार घोडे बघायचे असतील तर मेट्रोने जा, स्टेशन अगदी जवळ आहे. मुलांना मेट्रोचीच जास्त मजा येते.

रामटेक रविवारी ठेवा, लग्न पार पडल्यावर. तेव्हा कोणाचा जीव घड्याळात नसतो. सकाळी आठला निघा, जाताना कामठीला ड्रॅगन पॅलेस बघा, १९९९ मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभं राहिलेलं बुद्धमंदिर. मग रामटेकच्या डोंगरावरचं राममंदिर, म्हणजे गडमंदिर. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं. गडावरचं केवल नरसिंहाचं मंदिर विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं. पाहुण्यांत कोणी मास्तर असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवा, ते बाकीच्यांना समजावत फिरतात आणि तुमचं काम हलकं होतं.

गाडीवाला_काका (कामठी रोड)

ताईंचं बरोबर आहे जी. पंचवीस वर्षं वऱ्हाडाच्या गाड्या चालवून राहिलो. एक मोठी बस नका करू. दोन सतरा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक छोटी गाडी घ्या. कोणाच्या पोटात बिघडलं, कोणाचं लेकरू रडलं, तर छोटी गाडी परत पाठवता येते, बाकीच्यांचा दिवस जात नाही. गडावर गाडी बरीच वरपर्यंत जाते, पण पुढे पायऱ्या आहेतच. आणि ड्रायव्हरच्या जेवणाचं आधी ठरवा. लग्नघरात सगळे जेवतात अन् तोच राहून जाते.

कऱ्हांडल्याजवळचा

वाघाबद्दल मी लिहितो, माझं गाव जंगलाला लागून आहे.

बारा मित्रांसाठी ताडोबा नको, जाण्यायेण्यातच पाचसहा तास जातात. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य किंवा पेंच व्याघ्र प्रकल्पाचं सिल्लारी गेट जवळ पडतं. एका जिप्सीत सहा पर्यटक, म्हणजे दोन जिप्सी. बुकिंग ऑनलाइन, नावानिशी. गेटवर प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं. ओळखपत्र राहिलेला माणूस गेटबाहेर बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. गुरुवारची सकाळची फेरी घ्या, रविवारी गर्दी असते. उघड्या जिप्सीत पहाटेची थंडी हाडात शिरते, कानटोपी आणि घोंगडी द्याच.

एक कळकळीचं सांगणं. ३१ डिसेंबर २०२४ ला आमच्याकडे गोठणगावच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना दोन्हीकडून अडवलं होतं. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तुमच्या मित्रांनी ड्रायव्हरला जास्त पैसे देऊन ‘जवळ ने’ म्हणू नये. वाघ दिसला नाही तरी चितळाची हाक ऐकावी, मोहाच्या झाडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दिसतात ते बघावे.

नवरीचा_भाऊ (त्रिमूर्तीनगर)

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना हळदीची गोष्ट वाचून दाखवली, ताडोबा रद्द झालं. दोन शंका. नवरदेवाच्या आजीचे गुडघे दुखतात, त्यांनी रविवारी हॉटेलवरच राहावं का? आणि शुक्रवारची सकाळ मग अगदीच रिकामी राहते.

मानकापूरची_सून

आजींना मागे ठेवू नका हो. आमच्याही एक आजी होत्या. त्यांना गडाखाली अंबाळा तलावाच्या काठावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसवलं, सोबत एक सून ठेवली. पाण्यावर देवळांची सावली पडते, त्यांना तेच आवडलं. नंतर खिंडसीच्या बोटीत मात्र त्या सगळ्यांच्या आधी बसल्या. एक खुर्ची गाडीतच टाकून न्या, फार कामी येते.

वर जाणाऱ्यांना सांगा, प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवायची नाही. तिथली काळतोंडी वानरं थेट पिशवीलाच हात घालतात. आमच्या वहिनींच्या पिशवीत नारळासोबत चष्म्याचं घर होतं, वानर ते घेऊन भिंतीवर जाऊन बसलं. फुटाणे टाकले तेव्हा कुठे त्याने ते सोडलं.

शुक्रवारी सकाळी नागपुरातच थांबा. मेंदी राहिलेल्यांची मेंदी होऊ द्या, मुलांना महाराजबागेतल्या प्राणिसंग्रहालयात न्या. कळमेश्वर किंवा काटोलकडे कोणी ओळखीचा संत्र्याचा बागवाला असेल तर गुरुवारी, ज्यांच्या अंगात ताकद असेल त्यांना तिकडे पाठवा. डिसेंबरात आंबिया बहाराचं, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला फुललेल्या बागेचं, शेवटचं संत्रं झाडावर असतं. कोल्हापूरच्या माणसाने ऊस पाहिलेला असतो, फळांनी वाकलेलं संत्र्याचं झाड नाही. फक्त मुलांना संत्रं ओढू देऊ नका, देठाशी साल फाटते आणि ते फळ दोन दिवसांत सडतं. कात्रीने देठ ठेवून कापायचं. अशी चार चार संत्री प्रत्येकाच्या हातात आली तर सोमवारच्या गाडीत तीच सोलून खातील.