मदत हवी आहे: भावाच्या अपंगत्वाचे टक्के ५० चे २५ केले, पैसे बंद

हर्णैची
कोणाला माहिती असेल तर लवकर सांगा. भावाचे टक्के ५० वरून २५ वर आणले आणि आता तहसीलमधून पैसे बंद. तो होता तसाच आहे, काही बदललेलं नाही. परत अर्ज करायचा की कोर्टात जायचं? आई रडून बेजार झालीय.

माडाखालचा
ताई, अपंगत्व कसलं? वय? कुठली योजना? काहीच कळत नाहीये.

हर्णैची
संजय गांधी निराधार, तिथे ४० टक्के तरी लागतात. वय २०. बौद्धिक अक्षमता आहे. शाळेत असताना काढलेल्या दाखल्याची मुदत संपली म्हणून परत डॉक्टरांच्या बोर्डासमोर न्यावं लागलं.

ओटीवरचे आप्पा
तालुक्याला चांगला एजंट गाठा. माझ्या पुतण्याचं काम एका फेरीत झालं.

माडाखालचा
आप्पा, असले सल्ले देऊ नका हो. खोट्या मार्गाने लाभ घेतला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद आहे. तो एजंट नामानिराळा राहील आणि पोरगं अडकेल.

ओटीवरचे आप्पा
खोटं कोण म्हणतंय? तो फक्त कागद नीट लावून देतो. शिकलेल्यांना जमतं, आमच्यासारख्यांनी काय करायचं?

दाभोळकर७
एसटीत ४० टक्क्यांवर ७५ टक्के सवलत मिळते.

हर्णैची
२५ टक्क्यांवर कसली सवलत दादा, तेच तर रडणं आहे.

विशेष शिक्षिका
ताई, तपासणीत प्रश्न कोणाला विचारले? तुम्ही आत होतात का?

हर्णैची
नाही, मला बाहेर बसवलं. त्यालाच विचारलं. अंघोळ येते का? हो. बाजारात जातोस का? हो. कुणी काहीही विचारलं तरी तो हो म्हणतो. लिलावाच्या वेळी बंदरावर मासळीच्या पाट्या वाहतो, सगळे ओळखतात. पण शंभरची नोट दिली की मुठीत आवळून घरी आणतो. सुटे किती परत यायला हवेत ते कळत नाही. पाऊस कोसळत असला तरी कोणी ‘चल’ म्हणेपर्यंत जेटीवरून हलत नाही.

विशेष शिक्षिका
हे जसंच्या तसं कागदावर लिहा. नुसता बुद्ध्यांक बघून चालत नाही, रोजचं वागणं-वावरणंही बघतात, आणि ते घरच्या माणसाला विचारायचं असतं. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य पातळीला ५० टक्के होते आणि सीमारेषेवर २५. म्हणजे त्याला सीमारेषेवर टाकलंय. ‘करता येतं’ आणि ‘न सांगता करतो’ यात सगळा फरक पडतो. शारीरिक काही त्रास आहे का?

हर्णैची
उजव्या हाताची बोटं उघडत नाहीत, जन्मापासून. ते दिसतंच की! शर्टाची बटणं मी लावते.

विशेष शिक्षिका
दिसतं, पण दाखल्यावर लिहिलंय का? दोन अपंगत्वं असतील तर दोन्ही तपासून एकत्रित टक्के काढतात. सरळ बेरीज नसते, सूत्र असतं, पण आकडा वाढतो. अस्थिरोग तज्ज्ञांनी हात बघितलाय का?

हर्णैची
नाही, कोणीच नाही.

सागरवेडी
१८ पूर्ण झालेत तर नॅशनल ट्रस्टखाली (बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठी केंद्राची संस्था आहे) कायदेशीर पालकत्वाचा अर्ज आधी करा. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे. आणि निरामय आरोग्य विमाही घ्या, १ लाखापर्यंत आहे.

माडाखालचा
उपयोगाचं आहे, पण आता पैसे बंद आहेत त्याचं बघूया. ताई, कोर्टात जाऊ नका. त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ मध्ये दाखल्याविरुद्ध अपील आहे. मुदत असते, म्हणून लगेच करा. हात तपासला नाही आणि घरच्यांना विचारलं नाही, हे दोन मुद्दे लिहा. तहसीललाही अपिलाची प्रत द्या आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.

ओटीवरचे आप्पा
उत्पन्नाचा दाखला पण बघून ठेवा. दिव्यांगांना वर्षाला ५०,००० ची अट आहे. योजनेची महिन्याची रक्कम २०२५ मध्ये दीड हजाराची अडीच हजार झाली, सोडू नका.

हर्णैची
आई बंदरावर मासे विकते, दाखला तलाठ्याकडून काढलाय. अपील आज लिहायला बसते. शिक्षिकाताई, शाळेचे जुने अहवाल जोडू का? त्यात बोटांचं लिहिलेलं आहे.

विशेष शिक्षिका
जोडा. मूळ प्रत हातची सोडू नका, झेरॉक्स द्या. आणि पुढच्या वेळी आत जायचंय हे अर्जातच मागून घ्या.