माझी डावी चप्पल कुणी पाहिली का?

पाटील काका (202): नमस्कार मंडळी. दारातली माझी डावी चप्पल काल संध्याकाळपासून नाही. उजवी आहे. चोर असता तर दोन्ही नेल्या असत्या की. कुणी पाहिली का?

शिल्पा वहिनी (301): कुत्रं आलं असंल काका. गेट उघडंच टाकतात सगळे. मी किती वेळा सांगितलंय ग्रुपवर.

सचिव (102): गेटचा विषय मीटिंगला घेऊ. ज्यांचा मेंटेनन्स राहिलाय त्यांनी आज भरावा.

स्नेहा (203): काका, आधी माफी मागते, मग व्हिडिओ टाकते. कुत्रं नव्हे, आमचा ओजस. आणि खरं सांगायचं तर मीपण.

स्नेहा (203): [व्हिडिओ, 8 सेकंद]

शिल्पा वहिनी (301): अगं बाई, चपला चालालेत!! ती निळी माझी ना?

स्नेहा (203): होय वहिनी. काल पाऊस थांबेना, पोरगं घरात बसून जीव खायलेलं. म्हटलं मोबाईलवर फोटो काढून वस्तू हलवतात तसं करून बघू. एक फोटो, मग चप्पल अर्धा इंच पुढं, परत फोटो. सेकंदाला 12 फोटो लागतात. आम्ही 96 काढले, त्याचे हे 8 सेकंद. पावणेतीन तास गेले ओ! पाठ मोडली माझी. ओजसला वाटलं होतं अर्ध्या तासात अख्खा सिनेमा होईल.

शिवानंद अण्णा (401): भाळ चलो आगैत्रि! फार छान झालंय! पण मधेच पाटील काकांची चप्पल गायब होऊन परत येते, ते कसं केलं?

स्नेहा (203): ते केलं नाही, झालं 😄 काका आले, चपला घातल्या आणि दूध आणायला गेले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत शूटिंग चाललंय. आम्ही बाकीच्या चपला हलवत राहिलो. काका येईपर्यंत 15 फोटो झाले होते. म्हणजे काकांची वीस मिनिटं सिनेमात सव्वा सेकंद.

पाटील काका (202): तरीच म्हटलं ही दोघं जिन्यात वाकून काय करालेत. मला वाटलं कानातलं पडलं असंल.

देसाई काका (101): स्नेहा, ते काढून टाकू नकोस. जॉर्ज मेलिएस म्हणून फ्रान्समधला जादूगार होता, त्याने 1896 साली हीच युक्ती पडद्यावर वापरली. तो स्वतः सांगायचा की पॅरिसच्या रस्त्यावर चित्रण करताना कॅमेरा अडकला, पुन्हा सुरू केला, आणि फिल्म पाहिली तर घोड्यांच्या बसची एकदम शववाहिका झालेली. त्याच्याकडं बस, आपल्याकडं पाटलांची चप्पल.

स्नेहा (203): काका, तुम्ही खडेबाजारात एवढी वर्षं स्टुडिओ चालवला, मला एवढंच सांगा, व्हिडिओ असा लुकलुकतोय का? मधे अंधार, मधे पांढरं फटक. डोळे दुखतात बघताना.

देसाई काका (101): दोन कारणं. जिन्यातला दिवा सेन्सरवरचा. तुम्ही फोटोसाठी स्थिर उभं राहिलात की तो विझतो, हललात की लागतो. दुसरं म्हणजे मोबाईल प्रत्येक फोटोला उजेड आपल्या मनानं ठरवतो. स्क्रीनवर चपलेवर बोट दाबून धर, बऱ्याच फोनमध्ये तिथं कुलपाचं चिन्ह येतं. मग उजेड आणि फोकस दोन्ही बदलत नाहीत. खिडकीजवळ तर करूच नकोस, ढग आला-गेला की रंग बदलतो. पडदा ओढ, टेबललॅम्प लाव, आणि पांढरा शर्ट घालून जवळ बसू नकोस, त्याचाही उजेड पडतो.

देसाई काका (101): अजून एक. तुमच्या चपला बैलगाडीसारख्या एकसारख्या सरकतात. निघताना थोडी थोडी हलवा, मधे जास्त, थांबताना पुन्हा थोडी. मग वजन आल्यासारखं वाटतं.

ओजसचा बाबा (203): एका ठिकाणी अख्खा जिनाच उडी मारतो, ती माझी चूक. स्टुलावर मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला आणि मी खानापूरहून फोन केला. तो थरथरून सरकला.

देसाई काका (101): विमान मोडवर टाकायचा बाबा! डबा तांदळानं भरलेला घ्या, रिकामा नको.

शिल्पा वहिनी (301): पुढच्या वेळी माझी निळी नको हां. अंगठा तुटलाय ते सगळ्यांनी बघितलं आता.

देसाई काका (101): चपला मोठ्या, जिनाही मोठा. पहिल्यांदा आगपेटी घ्या. आपल्या फाळक्यांनी 1915 मध्ये आगकाड्यांवरच अशी छोटी फिल्म केली होती. त्याच्याही आधी, ‘राजा हरिश्चंद्र’ला पैसे मिळावेत म्हणून कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं थोडं थोडं चित्रण करून लोकांना दाखवलं होतं. वाढणारं रोप बघून माणसं गप्प झाली असतील, पैसे सुटले.

सचिव (102): छान माहिती. पण आगकाड्या मुलांच्या हातात नकोत. आणि लिफ्टचं दार धरून ठेवू नये ही सर्वांना विनंती.

स्नेहा (203): गुल काढून घेतलेत काड्यांचे, काळजी नको. लिफ्टचं मात्र चुकलंच. शेवटी काकांची डावी चप्पल लिफ्टमध्ये शिरते ना, तिथं ओजसनं बटण धरलेलं. फोटो झाला, त्यानं बोट काढलं आणि वरून कुणीतरी लिफ्ट बोलावली. आम्ही जिन्यानं पळालो, लिफ्ट सापडली तेव्हा रिकामी.

पाटील काका (202): म्हणजे चप्पल एकटीच गेली.

शिवानंद अण्णा (401): अय्यो, बोलावणारा मीच! लिफ्टमध्ये एकच चप्पल बघून बायको म्हणाली कुणीतरी भानामती केलीय, हात लावू नका. मी काठीनं ढकलून चौथ्या मजल्यावर कुंडीमागं ठेवलीय.

पाटील काका (202): कुंडीमागं? रात्रभर पाऊस होता अण्णा.

शिवानंद अण्णा (401): आता बघितली. ओली आहे. आणून देतो, गोड म्हणून कुंदा पण आणतो सोबत.

स्नेहा (203): काका, रविवारी परत करायचंय, दिवा बदलून. सकाळी द्याल का चप्पल?

पाटील काका (202): साडेसातनंतर. दूध आणून झालं की.