सूएल की चेस? ड्राफ्टमध्ये आपल्या संघानं कोणाला घ्यावं, हे तुम्ही कसं ठरवता?

नव्यांसाठी आधी एक: एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) कॉलेजातली पोरं ड्राफ्टमधून घेते, आणि हा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे बोली लागत नाही. ३२ संघ, ७ फेऱ्या, आणि गेल्या हंगामात जो तळाला राहिला तो सगळ्यांच्या आधी उचलणार. पहिले १८ नंबर प्लेऑफ हुकलेल्यांचे. दोघांचे जय-पराजय सारखे असतील तर ज्याचे प्रतिस्पर्धी सोपे होते तो पुढे. सुपर बोल (अंतिम सामना) जिंकणारा ३२वा. शाळा सोडून ३ वर्षं झाल्याशिवाय पोरगा पात्र ठरत नाही.

तर आपला नंबर आल्यावर कोण उरलेला असेल आणि त्यातला कोण घ्यायचा, हे भांडण दरवर्षी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालतं. ते अभ्यासानं भांडणाऱ्यांना हे आमंत्रण. तुमची रीत लिहा: काय बघता, काय मोजता, कुठे चुकतं. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' छापाचे किस्से नकोत.

सगळ्यांनी एकच उदाहरण धरलं तर तुलना सोपी जाईल, म्हणून सिंसिनाटी बेंगल्स, २०२१, पाचवा नंबर. क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जो बरो नोव्हेंबर २०२० मध्ये गुडघा फोडून घेऊन बसलेला. तोवरच्या १० सामन्यांत त्याला पास फेकण्याआधीच ३२ वेळा पाडलेलं. समोर दोन नावं: ऑरिगन कॉलेजचा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनच्या टोकाचा) पेने सूएल आणि एलएसयू कॉलेजचा रिसीव्हर (पास झेलणारा) जमार चेस, म्हणजे बरोचाच कॉलेजातला जोडीदार. संघानं चेस घेतला. सूएल सातव्यावर डेट्रॉइट लायन्सकडे गेला. (खाली आलेली उत्तरं, ज्याच्या-त्याच्या टोपणनावाखाली.)

गार्डवाला

टॅकल बघायचा तर चेंडूमागे डोळे नेऊ नका. फक्त थर्ड डाउन (१० यार्ड जायच्या चार प्रयत्नांतला तिसरा) बघा, तेही सातपेक्षा जास्त यार्ड हवे असतानाचे. पास येणार हे अख्ख्या मैदानाला ठाऊक असतं, त्यामुळे टॅकलला लपायला जागा नसते. सामन्यात असे आठ-दहा प्रसंग मिळतात. चार सामने काढले की चाळीसेक होतात, तेवढे पुरतात. प्रत्येकात तीन खुणा करा. मागे टाकलेलं पहिलं पाऊल किती लांब गेलं. हात कुणाचे आधी लागले. आणि समोरच्यानं बाहेरची हूल देऊन आत घुसायचं ठरवलं तेव्हा याचं आतलं पाऊल जमिनीवर होतं की हवेत. कॉलेजात नुसत्या ताकदीवर निभावणारे टॅकल या तिसऱ्या खुणेत उघडे पडतात.

मग हात मोजा. खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, इंचाच्या आठव्या भागापर्यंत नोंद होते. टॅकलला ३४ इंच असले की सगळे खूश, ३३ च्या खाली गेले की 'याला गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा) करा' सुरू. सूएलचे ३३ आणि पाव. २०२५ मध्ये टॅकल विल कॅम्पबेलचे कॉम्बाइनला (ड्राफ्टआधीची एकत्र चाचणी) ३२ आणि पाच-अष्टमांश भरले, नंतर त्याच्या कॉलेजात ३३. त्या तीन-अष्टमांशावर लोकांनी महिना काढला! पेट्रियट्सनी त्याला चौथ्या नंबरावर उचललाच.

माझं मत सूएल. वीस वर्षांचा, कॉलेजातल्या सर्वोत्तम लाइनवाल्याची आउटलँड ट्रॉफी जिंकलेला, ३३० पौंडांच्या देहाला गार्डसारखी पावलं. क्वार्टरबॅकचा गुडघा फाटलेला असताना खिडकीला पडदे घ्यायचे की दाराला कडी?

दुसरी फेरी

कडी दुसऱ्या दुकानात मिळत होती, पडदे नव्हते.

पहिल्या फेरीचा वाद लोक दोन नावांत घालतात. तो चार नावांत घालायचा असतो. तुमचा पुढचा नंबर काढा. बेंगल्सचा ३८ होता. आता दोन जोड्या लिहा: 'चेस आणि ३८ वर मिळेल तो टॅकल', 'सूएल आणि ३८ वर मिळेल तो रिसीव्हर'. त्यासाठी ३० ते ५५ या पट्ट्यात त्या जागेची किती नावं बसतात ते मोजायचं. त्या वर्षी टॅकलची रांग होती: टेव्हन जेंकिन्स ३९, लियम आयकनबर्ग ४२, वॉकर लिटल ४५, सॅम्युएल कॉस्मी ५१, डिलन रॅडन्झ ५३. रिसीव्हरमध्ये इलायजा मूर ३४ लाच गेला, रॉन्डेल मूर ४९ ला. दोघंही अंगानं लहान, स्लॉटमध्ये (लाइनजवळ, आतल्या बाजूला) खेळणारे. बाहेरच्या बाजूला एकटा उभा राहून कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला अडवणाऱ्याला) हरवणारा त्या पट्ट्यात कोणी नव्हता.

चेसला तोलायचं तर २०१९ चे आकडे (८४ झेल, १७८० यार्ड, २० टचडाउन) बाजूला ठेवा आणि ते कुणासमोर केले ते बघा. जानेवारी २०२० च्या कॉलेजांच्या अंतिम सामन्यात क्लेमसनचा कॉर्नरबॅक ए. जे. टेरेल त्याच्यासमोर होता. तोच टेरेल तीन महिन्यांनी १६व्या नंबरावर गेला. चेसनं त्या रात्री ९ झेल आणि २२१ यार्ड काढले. दुबळ्या संघासमोरचे २०० यार्ड माझ्या वहीत अर्धेच धरले जातात. हे पूर्ण धरले.

फसतं कुठे तेही लिहितो. बेंगल्सनी ३८ विकून ४६ वर जायचं ठरवलं, शिवाय १२२ आणि १३९ हे नंबर मिळवले. तिथे टॅकल जॅक्सन कारमन घेतला. त्याला कायमची जागा कधी मिळाली नाही. बेत बरोबर असून दुसरा अर्धा भाग चुकीच्या माणसावर खर्च झाला.

गार्डवाला

मग लायन्सची जोडी पण लिहा की! सातवर सूएल, ११२ वर रिसीव्हर अमॉन-रा सेंट ब्राउन. २०२३ मध्ये दोघंही ऑल-प्रो (हंगामातले सर्वोत्तम) पहिल्या संघात, २०२४ मध्ये परत दोघंही.

दुसरी फेरी

लिहितो, पण चौथ्या फेरीत सेंट ब्राउन मिळेल हे धरून पाचवा नंबर वापरता येत नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत सगळ्या संघांनी त्याला सोडला होता, खुद्द लायन्सनीही. ज्याच्यावर तुम्हाला स्वतःला भरवसा नव्हता त्याला बेताचा भाग म्हणायचं नाही.

कॅपचा हिशेब

वाद खेळाचा वाटतो, असतो पैशाचा. २०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला ६ वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, त्यातले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी लीग आणि खेळाडूंमध्ये नवा करार आला आणि पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनला ४ वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख. तेव्हापासून पगार नंबरावर ठरतो, जागेवर नाही. पाचव्या नंबरावर रिसीव्हर घ्या, टॅकल घ्या नाहीतर किकर घ्या, रक्कम तीच.

यातून निघणारा नियम: जी जागा खुल्या बाजारात सगळ्यात महाग, तीच पहिल्या फेरीत घ्यायची, कारण फरक तुमच्या खिशात राहतो. क्वार्टरबॅक, एज रशर (कडेनं क्वार्टरबॅकवर धावून जाणारा), रिसीव्हर, टॅकल, कॉर्नरबॅक. सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू), गार्ड आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) बाजारात त्या मानानं स्वस्त. २०२५ मध्ये रेडर्सनी सहाव्या नंबरावर रनिंग बॅक ॲश्टन जेंटी घेतला तेव्हा वाद त्याच्या गुणांवर नव्हताच, या हिशेबावर होता. अपवाद असतात: कोल्ट्सनी २०१८ मध्ये सहाव्यावर गार्ड क्वेंटन नेल्सन घेतला, पहिल्या हंगामापासून ऑल-प्रो. पण अपवादाला नियम करायला गेलं की दिवाळं.

आपल्या जोडीला लावून बघा. सूएलचा २०२४ चा नवा करार ४ वर्षांचे ११ कोटी २० लाख, म्हणजे वर्षाला २ कोटी ८० लाख. चेसचा २०२५ चा ४ वर्षांचे १६ कोटी १० लाख, म्हणजे वर्षाला ४ कोटींच्या वर. स्वस्तातली पहिली चार वर्षं आणि पाचव्या वर्षाचा पर्याय (करार एक वर्ष वाढवायचा संघाचा हक्क) या काळात चेसनं जास्त वाचवून दिले. हा पाचव्या वर्षाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीतल्यांना असतो. म्हणून क्वार्टरबॅक हवा असलेले संघ ३३व्या नंबराची वाट न बघता ३२ वर चढतात.

घड्याळवाली

कॉम्बाइनच्या आकड्यांवर थोडं, कारण दर मार्चला तेच ते ऐकू येतं. ४० यार्डांच्या धावेत पहिल्या १० यार्डांची वेळ वेगळी मांडलेली असते. लाइनवाल्यांसाठी फक्त ती बघा. ३१० पौंडांचा माणूस ४० यार्ड सरळ धावतो तो एखादा चेंडू हिसकावला गेला तरच. २२५ पौंडांचा बेंच प्रेस लांब हातांच्या माणसाला उगीच मारतो, वजन जास्त अंतर उचलावं लागतं ना.

कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजातच होणारी चाचणी) धाव घरच्या मैदानावर आणि घड्याळ माणसाच्या हातात, त्यामुळे वेळ थोडी गोड निघते. २०२१ मध्ये कोविडमुळे इंडियानापोलिसला कॉम्बाइनच्या धावा झाल्याच नाहीत, सगळे आकडे प्रो डेचे. चेसची ४.४ सेकंदांच्या आतली वेळ तेवढं मीठ घालूनच खायची. त्यानं आणि सूएलनं २०२० चा अख्खा हंगाम सोडलेला. म्हणजे टेप (सामन्यांचं चित्रण) पण दीड वर्ष जुनी.

रिसीव्हर जॉन रॉस २०१७ मध्ये ४.२२ धावला, नवव्या नंबरावर गेला. घेणारे हेच बेंगल्स. त्याच्या लगेच मागे, दहाव्यावर, क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स. उलट टॅकल ऑर्लँडो ब्राउन २०१८ ला ५.८५ धावला, बेंचला फक्त १४ वेळा. घसरून ८३ वर रेव्हन्सना मिळाला आणि प्रो बोलला (निवडक ताऱ्यांचा सामना) गेला.

माझा नियम असा: आकडा टेपशी जुळला तर पुढे चला. नाही जुळला तर परत टेप बघा. आकड्यासाठी मत बदलायचं नाही.

दक्षिण शिकागो

क्वार्टरबॅकला वरचं सगळं अर्धंच लागू. तो नसेल तर जोड्या मांडत बसू नका, घ्या. पण चढायची किंमत मोजा. २०१७ ला बेअर्सनी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, एक पायरी, चढण्यासाठी ६७ आणि १११ हे नंबर आणि पुढच्या वर्षीची तिसरी फेरी दिली. घेतला मिचेल ट्रुबिस्की. महोम्स दहावर, डेशॉन वॉटसन बारावर.

२०२३ ला त्याच बेअर्सनी उलटं केलं: पहिला नंबर कॅरोलायनाला विकून ९, ६१, पुढच्या वर्षीची पहिली फेरी, २०२५ ची दुसरी आणि रिसीव्हर डी. जे. मूर. कॅरोलायना २-१५ अशी बुडाली, त्यामुळे ती पुढच्या वर्षीची पहिली फेरी नेमकी पहिला नंबर निघाली. त्यातून क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स. आणि पहिल्या हंगामात त्याला ६८ वेळा पाडलं. गार्डवाले, हे तुमच्या खात्यात जमा करून घ्या.

पाडापाडी मोजताना स्टॉपवॉच लावा मात्र. स्नॅपपासून (चेंडू खेळात येतो तो क्षण) अडीच सेकंदांच्या आत पडला तर दोष लाइनचा. तीनच्या वर चेंडू धरून बसला तर बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा, नाहीतर रिसीव्हर मोकळे होत नाहीत त्यांचा. नुसता एकूण आकडा वादात फेकू नये.

तक्तेवाला

'नंबर विकून खाली सरका' म्हणणाऱ्यांनी आधी नंबरांच्या किमतीचा तक्ता बघावा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजनी केलेला, जिमी जॉन्सनच्या नावानं चालतो. पहिला नंबर ३०००, दुसरा २६००, पाचवा १७००, दहावा १३००, सोळावा १०००, ३२वा ५९०. पाचवरून दहावर सरकलात तर ४०० गुण मिळायला हवेत, म्हणजे बरोबर ५०वा नंबर. बेंगल्सचा ३८ चा सौदा घ्या: ५२० दिले; ४४०, ५० आणि ३६.५ आले. कागदावर साडेसहाचा नफा, हातात कारमन!

म्हणून मी थर करतो, क्रमवारी नाही. आपल्या संघाच्या पहिल्या तीन नंबरांसाठी ४० नावं पुरतात. दोन खेळाडूंमध्ये निवडताना अडखळलात तर ते एका थरात. चटकन निवडलात तर मध्ये रेघ मारा. नंबर आल्यावर थरात तीन उरले असतील तर खाली सरका, निदान एक मिळेलच. एकच उरला असेल तर तोच घ्या, संघाला गरज कशाची ते नंतर. पहिल्या फेरीत २०२५ पर्यंत १० मिनिटं असायची, दुसरीत ७, त्यानंतर सहाव्यापर्यंत ५, सातवीत ४. रेघा आधी मारलेल्या नसतील तर तेवढ्या मिनिटांत फक्त आरडाओरडा होतो.

भारतातून बघणाऱ्यांनी गजर लावा: पहिली फेरी शुक्रवारी पहाटे साडेपाचला, दुसरी-तिसरी शनिवारी पहाटे साडेचारला, उरलेल्या शनिवारी रात्री साडेनऊला.

गार्डवाला

शेवटचं. चेस आला, पहिल्याच वर्षी १४५५ यार्ड, सुपर बोलपर्यंत मजल. कबूल. पण त्याच हंगामात साखळीत बरोला ५१ वेळा पाडलं, मग प्लेऑफमध्ये टेनेसीत एका सामन्यात ९ वेळा, सुपर बोलमध्ये ७ वेळा. २३-२० ने हरले. मग २०२२ ला लाइनमध्ये तीन माणसं बाजारातून आणली, आणि २०२३ ला डाव्या टॅकलसाठी ४ वर्षांचे ६ कोटी ४० लाख मोजले. कुणाला, ते घड्याळवालीला विचारा: ५.८५ वाल्या ऑर्लँडो ब्राउनला.

कॅपचा हिशेब

म्हणजे वर्षाला १ कोटी ६० लाख. चेसच्या तोडीचा रिसीव्हर त्या भावात आणून दाखवा.