आकारापेक्षा जागा बघा

ब्लूबक हे हरीण मोठं म्हणून बंदुकीला बळी पडलं, चिमुकल्या बेडकाला कोण मारणार, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. दक्षिण आफ्रिकेत युरोपीय लोक आले तेव्हाच हे हरीण नैऋत्येकडच्या छोट्या पट्ट्यात उरलं होतं. १८०० च्या सुमारास संपलंच.

तिथल्याच केपटाउनजवळच्या टेबल माउंटनचा घोस्ट फ्रॉग हा बेडूक तर त्या एकाच डोंगरावरच्या ओढ्यांत राहतो! त्याचे बेडूकमासे तोंडाने खडकाला घट्ट चिकटून वाहत्या पाण्यात तग धरतात, आणि त्यांचा बेडूक व्हायला वर्षाहून जास्त काळ लागतो. ओढा एक उन्हाळा आटला, तर त्यातली अख्खी पिढी जाते. त्याला गोळी लागायची गरजच नाही, वरचं पाणी वळवलं तरी पुरे.