'लाइको' शाळा : धर्मनिरपेक्ष, निधर्मी की लौकिक?

बोरू : स्पेनच्या १९३१ च्या राज्यघटनेतलं कलम ४८ मराठीत आणताना एका शब्दावर गाडी अडली आहे. शिक्षण 'लाइका' (स्पॅनिश 'लाइको'चं स्त्रीलिंगी रूप, म्हणजे चर्चच्या शिकवणीपासून वेगळं) असेल, श्रम हा अध्यापनपद्धतीचा कणा असेल, मानवी एकजुटीच्या आदर्शातून ते प्रेरणा घेईल, असं ते कलम. मी 'धर्मनिरपेक्ष' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी 'निधर्मी' केलं.

घाटवाट : 'निधर्मी' नको. मराठीत तो निम्म्या वेळा शिवीसारखा वापरतात. शिवाय त्याच कलमात चर्चना आपापल्या संस्थांमध्ये आपली शिकवण देण्याचा हक्क आहे, सरकारी तपासणीच्या अधीन राहून. तुमचाच शब्द ठेवा.

दुसरी घंटा : पण 'धर्मनिरपेक्ष' म्हटलं की आपल्या मनात 'सर्व धर्म सारखे' येतं. तिथे काय झालं ते बघा. ६ मे १९३१ च्या हुकमाने धर्माचा तास ऐच्छिक झाला. पालकांनी मागितला तर मिळे. जानेवारी १९३२ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे महासंचालक रोदोल्फो योपिस यांचं परिपत्रक आलं आणि वर्गातले क्रूस उतरवायचे ठरले. जून १९३३ च्या कायद्याने मठवासी संघांना शिकवायलाच बंदी केली : प्राथमिकसाठी मुदत ३१ डिसेंबर, बाकी सगळ्यासाठी १ ऑक्टोबर. त्यांच्याकडची मुलं सामावून घ्यायला सरकारकडे ना वर्ग पुरेसे, ना शिक्षक. नोव्हेंबरच्या निवडणुकीत पारडं उजव्यांकडे झुकलं आणि बंदी कागदावर राहिली. भिंतीवरचा क्रूस उतरवणारा शब्द हवा, सगळ्यांना नमस्कार करणारा नको.

शिळाछाप : मग 'लौकिक' घ्या. ग्रीक 'लाओस' म्हणजे लोक, 'लाइकोस' म्हणजे दीक्षा न घेतलेला साधा माणूस. लोकावरून लौकिक. इतका सख्खा शब्द घरात असताना बाहेर कशाला शोधायचा?

घाटवाट : अर्थाने शेजारी, सख्खा नाही. 'लोक'चं मूळ पाहणे-प्रकाशणे या कुळातलं, 'लाओस'शी त्याचं नातं नाही. आणि 'त्यांचं लौकिक शिक्षण चौथीपर्यंत' असं आपण म्हणतो तेव्हा शाळेत जाऊन घेतलेलं शिक्षण, एवढंच सांगायचं असतं. वाचणारा कलम ४८ तसंच वाचेल.

शिळाछाप : वापर चुकीच्या वळणाला लागला म्हणून शब्द सोडून द्यायचा? 'लौकिक-पारलौकिक' ही जोडी अजून जिवंत आहे.

दुसरी घंटा : शब्द लोक वापरतात त्या अर्थाचा असतो, शिळाछाप. दुसरी अडचण पुढची आहे. स्पेनच्या १९७८ च्या घटनेत 'लाइको' शब्दच नाही. कलम १६ म्हणतं, कोणताही पंथ राज्याचा पंथ नसेल, आणि लगेच कॅथलिक चर्चशी व इतर पंथांशी सहकार्याचे संबंध राखायलाही सांगतं. 'धर्मनिरपेक्ष' इथे बरा बसतो. बोरू, १९३१ ला तो खर्च केलात तर १९७८ ला काय उरेल?

बोरू : पटलं. १९३१ ला 'धर्मशिक्षणमुक्त' चालेल? आणखी एक : हुकूमशहा फ्रँकोच्या काळात शिक्षकांवर झालेल्या चौकशी-कारवाईला, म्हणजे 'देपुरासिओन'ला, मी 'शुद्धीकरण' लिहिलं आहे.

घाटवाट : 'छाननी' लिहा. नोव्हेंबर १९३६ च्या हुकमाने समित्या नेमल्या. प्राथमिक शिक्षकांसाठी 'ड' समिती. गावचा पाद्री, महापौर, सिव्हिल गार्ड या पोलिस दलाचा ठाणेदार आणि चांगल्या लौकिकाचा एक पालक यांचे अहवाल मागवायचे. त्यावर निकाल : सक्तीची बदली, निलंबन, सक्तीची निवृत्ती किंवा कायमची बडतर्फी. कागदावर चालणाऱ्या या कामाला 'शुद्धीकरण' फार विधीसारखं वाटतं.

शिळाछाप : विधीसारखं वाटतं म्हणूनच ते बरोबर. स्पॅनिशमध्ये 'देपुरादोरा' म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. माणसांना गाळ समजून गाळून काढायचं, हे त्या शब्दातच आहे. 'छाननी'त अर्ज तपासतात.

घाटवाट : छाननीत नोकऱ्याही जातात.

दुसरी घंटा : आणि 'चांगल्या लौकिकाचा पालक' लिहिताना घाटवाटांनीच 'लौकिक' कोणत्या अर्थाने वापरला, तेही बघा.

शिळाछाप : तो नावलौकिक. कलम ४८ मध्ये विशेषण आहे, नाम नाही. दोन्ही वेगळे.